फुलंब्रीच्या बालवाडीस शिंपले पुरविणेबाबत

औरंगाबादेत विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघत होते आणि चिकलठाण्याला नवेनवे कारखाने उभे राहत होते, त्या काळात फुलंब्रीच्या एका बालवाडीत एकोणतीस मुले होती. आया कारखान्यात जात, पोरे पारूबाई सांभाळी. दुपारी ती त्यांना शेंगा आणि गूळ देई. मुले खात, झोपत आणि वाढत. हे सर्व शासनाच्या मार्गदर्शनाविना चालले होते.

मग परिपत्रक आले. समुद्री शिंपल्यांत बहुअसंतृप्त मेदाम्ले, प्रथिने व जस्त भरपूर असल्याने बालवाड्यांनी शिंपले सुरू करावेत. शेंगदाणा मेदाम्लांच्या बाबतीत मागासलेला असल्याने तात्काळ बंद करावा.

पोषण अधिकारी त्रिंबकराव मनाने वाईट नव्हते. त्यांनी वर कळवले, "तालुक्यास समुद्र नाही." उत्तर आले, "ही अडचण स्थानिक स्वरूपाची असून ती स्थानिक पातळीवर सोडवावी."

भर मे महिन्यात रत्नागिरीहून एस.टी.च्या टपावर शिंपल्यांचे पोते निघाले. बर्फ पुण्यापर्यंत टिकला. फुलंब्रीत पोत्याआधी वास उतरला.

पारूबाईने नाकाला पदर लावला. "साहेब, हे खाऊन पोरं मरतील की!"

"खायचे नाहीत, बाई. आधी मेदाम्ले तपासायला पाठवायची."

"तंवर पोरांनी काय खावं?"

त्रिंबकरावांनी भिंतीवर मेदाम्लांच्या टक्केवारीचा तक्ता लावून दिला. महिन्याभरात मुलांची वजने उतरली. अहवालात नोंद झाली : 'अनावश्यक चरबी घटली.'

पारूबाई जिल्ह्याच्या कचेरीत गेली. कारकून म्हणाला, "तुम्हा लोकांना ऊठसूट मोर्चाची सवयच लागली."

"नावासाठी चाललो, भाऊ. हे तर पोटासाठी हाय."

त्याने अर्जावर शिक्का मारला आणि तो ट्रेमध्ये ठेवला. पारूबाई परतली. तिने आयांकडून मूठमूठ शेंगा गोळा केल्या आणि दार लावून पोरांना खाऊ घातल्या.

दोन महिन्यांनी दिल्लीचे साहेब तपासणीला आले. एकेक मूल किलोभर वाढलेले! साहेब हरखले. तेवढ्यात त्यांचे लक्ष कोपऱ्यातल्या टरफलांच्या ढिगाकडे गेले.

"ये क्या है?"

पारूबाईचा चेहरा उतरला. त्रिंबकरावांनी तिच्याकडे पाहिले, मग घाम पुसत म्हणाले, "शिंपल्यांची कवचं, सर."

साहेबांनी शिंपल्यावर दोन पुस्तके लिहिली होती, पण शिंपला पाहिला नव्हता. त्यांनी एक टरफल उचलून हातरुमालात जपून बांधले.

योजना साऱ्या मराठवाड्याला लागू झाली. शहरात पारूबाईचा सत्कार ठेवला. त्रिंबकराव कानात म्हणाले, "फक्त आभार माना, बाई." ती माईकपुढे उभी राहिली.

"म्या जलमात शिंपला खाल्ला नाय. पोरांनीबी नाय. त्यांनी शेंगा खाल्ल्या. त्या बंद करू नका, एवढंच मागणं हाय."

'शिंपला' शब्द निघताच टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की पुढचे कुणाला ऐकूच आले नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आले : 'लाभार्थी महिलेने शिंपल्यांचे आभार मानले.' फोटोत टाळ्या वाजवणारे स्पष्ट दिसतात. तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथे, ते तुम्हीच.