गड्डम सरांचा वारा

गड्डम सर कुणाच्याही घरी गेले की आधी उदबत्ती पेटवतात. देवापुढं नव्हे, दारात. खिशातून काडेपेटी काढायची, उंबऱ्यावर उभं राहून धूर कुठं जातो ते बघायचं आणि मगच चपला काढायच्या. नव्या माणसाला वाटतं, काय भाविक गृहस्थ आहेत! एकदा गल्लीतल्या एका मुलीचं लग्न ठरवायला वडीलधारे म्हणून सरांना मुलाकडं नेलं. तिथंही उदबत्ती निघाली. मुलाची आई पदर सावरून, हात जोडून उभी राहिली. सर धुरावरची नजर न काढता म्हणाले, "तुमच्या स्वयंपाकघरातली गरम हवा बैठकीत यायलीय. सून आणायच्या आधी वर एक झरोका पाडा." लग्न झालं, झरोकाही पडला. ती बाई अजून सरांचं नाव काढते. कौतुकानं की रागानं, ते मी विचारलेलं नाही.

सर शाळेत भूगोल शिकवायचे. ते निवृत्त झाले, त्यांचा भूगोल झाला नाही. आमची घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत. माझ्या परसाची भिंत तीच त्यांच्या मागच्या खोलीची भिंत. मी कडक भाकऱ्या करून विकते. सगळा दिवस परसात चुलीपुढं जातो, त्यामुळं सरांच्या वर्गाला माझी हजेरी कायमची.

"वहिनी, जगाचं हवामान एका वाक्यात सांगतो. तापलेली हवा वर जाते अन् तिची जागा धरायला गार हवा धावत येते. वादळ काय, मान्सून काय, सगळी हिचीच लेकरं!"

हे एक वाक्य ते तासभर सांगतात.

हवेचा तास संपला की खंडांचा तास. भारत कसा दक्षिणेकडच्या मोठ्या भूमीतून सुटला, समुद्रातून सरकत आला, आशियाला धडकला आणि हिमालय वर आला, हे ते असं सांगतात, जणू मागच्या बाकावर बसून स्वतः आलेत. देश अजूनही उत्तरेला सरकतोय म्हणे, बोटांची नखं वाढतात साधारण त्या चालीनं. म्हणून नखं कापली की एक तुकडा चिमटीत धरून सर परसात येऊन दाखवतात, "बघा वहिनी, मागच्या खेपेपासून एवढं पुढं आलो आपण." मी परातीवर पदर धरते. देश जाऊ दे पुढं, नख पिठात नको.

कुठलीही गोष्ट अडली की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "खंडं हलली, हे हलत नाही?" गंजलेल्या नळापुढं हेच, कचेरीतल्या बाबूपुढंही हेच. मंगळवेढ्याला जाताना एसटी बंद पडली, तर उतारूंना खाली उतरवून सरांनी हेच वाक्य म्हणत गाडीला धक्का मारायला लावला. गाडी सुरू झाली. कंडक्टरला वाटलं ही घोषणा आहे, त्यानंही एकदा म्हणून घेतलं.

एकदा मात्र त्यांचं शास्त्र अंगाशी आलं. सरांच्या मेहुण्याचा टॉवेलचा कारखाना आहे. आत माग खडखडतात आणि खिडक्या कायम बंद असतात, कारण कोरडा वारा लागला की सूत सुकतं आणि तटातट तुटतं. विणकराच्या घरात रांगणारं पोरही हे जाणतं. सर विणकराच्याच घरचे, तरी त्यांनी भर उन्हाळ्यात एके दिवशी सगळ्या खिडक्या उघडल्या. तास जायच्या आत सगळे माग थांबले. मेहुण्यानं त्यांना हाताला धरून रस्त्यापर्यंत पोचवलं. गल्ली पोट धरून हसली. सर आमच्या कट्ट्यावर येऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "सूत तुटलं की गाठ मारता येते, वहिनी."

मला मात्र हसू आलं नाही, कारण त्या कारखान्यात त्यांच्या बायकोनं, पद्माअक्कांनी, अर्धं आयुष्य मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरल्या होत्या. कापसाची धूळ त्यांच्या छातीत बसली ती बसलीच. आता चार पावलं चालल्या तरी भात्यासारखा आवाज येतो. कुलरच्या ओलाव्यानं छाती आणखी भरते. पंखा चालतो, पण आमच्याकडं ऐन दुपारी लाईट जाते आणि मग अक्का खाटेची कड धरून बसतात. मुलगा श्रीनिवास पुण्याला असतो. त्यानं निरोप धाडला, "आईला घेऊन जातो. इथं जनरेटर आहे. बाबा, तुम्हीपण चला." पोराचं चुकत नव्हतं. पण अक्का सरांना म्हणाल्या, "एमंडी, मला माझ्या घरातच राहायचंय." एमंडी म्हणजे त्यांच्या तेलुगूत अहो. अक्कांनी जन्मात नवऱ्याकडं काही मागितलेलं मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सर उदबत्ती घेऊन माझ्या परसात.

"वहिनी, या भिंतीत खाली जाळी बसवायची. पश्चिमेचा वारा तुमच्या परसातनं आत येईल. समोरच्या भिंतीत छताजवळ भोक पाडतो, गरम हवा तिकडनं जाईल. श्रीनिवास यायच्या आत घरानं श्वास घ्यायला पायजे."

"अन् माझ्या चुलीचा धूर? तो काय अक्कांच्या छातीत घालता?"

"चूल हलवा."

"अवो सर, सासूबाईंनी मांडलेली चूल हाय ती!"

सर तोंड उघडणार एवढ्यात मी हात वर केला. "बास! खंडं हलली, ठाऊक हाय मला." चूल वाऱ्याच्या वाटेतनं बाजूला, उत्तरेच्या कोपऱ्यात गेली. सरांनी गवंडी लावला, त्याला काम येत नाही म्हणून स्वतः छिन्नी धरली, अंगठा ठेचला आणि जाळी बसवली. संध्याकाळी उदबत्तीचा धूर सरळ रेघेत आत गेला. अक्का खाटेवर पाय पसरून निजल्या. सर त्या धुराकडं बघतच राहिले.

श्रीनिवास रविवारी आला. दुपारी जेवणं झाली आणि लाईट गेली. त्या दिवशी असा उकाडा होता की लिंबाचं पान हलत नव्हतं. खंडांना हलवणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. "बर्फ घेऊन येतो," असं मुलाला सांगून सर बाहेर पडले, वळसा घालून माझ्या परसात आले आणि न विचारता माझं सूप उचललं. जाळीपुढं मांडी घालून ते वारा घालू लागले.

"काय करायलाव सर?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आतून श्रीनिवासचा आवाज आला, "आई, वारा लागतोय की खरंच!"

सर घामानं निथळत होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, तो वर करायलाही त्यांनी हात थांबवला नाही. थोड्या वेळानं श्रीनिवास पुढच्या दारात फोनवर बोलायला गेला, तशी खाट करकरली. जाळीच्या पलीकडं अक्कांचा चेहरा आला, अगदी जवळ. दम लागलेला, पण हसरा.

"एमंडी," त्या हळूच म्हणाल्या, "हात दुखत असतील. जरा सावकाश येऊ दे वारा."

प्रत्येक वाऱ्याचं कारण सांगणाऱ्या सरांनी मान खाली घातली आणि ते सावकाश वारा घालू लागले. मी दुसरं सूप उचललं आणि त्यांच्या शेजारी बसले.