चेअरमनची सातवी अट

“मी नेलेली माणसं मीच परत आणीन. तुमच्या होड्यांनी आपापले मासे ओढावेत,” असं चिगुसा मच्छीमार सोसायटीच्या भर सभेत म्हणाली आणि खाली बसली.

नेमुशिमा बेटाच्या धक्क्यावर तिने उभा जन्म फेरीबोटीची तिकिटं फाडली होती. मग बेटावरची माणसं कमी झाली, फेऱ्या कमी झाल्या आणि एके दिवशी तिकीटखिडकीला कुलूप लागलं. मुलीने ओसाकाला बोलावलं. चिगुसा गेली नाही. समुद्र दिसत नाही त्या घरात आपल्याला झोप कशी यायची, एवढाच तिचा सवाल होता. तिने वल्हवायच्या तीन जुन्या कयाका घेतल्या, रीतसर शिक्षण घेतलं आणि जाहीर केलं, ज्यांनी कधी वल्हं धरलं नाही अशा पाहुण्यांना मी बेटाभोवती फिरवून आणणार, त्यांना पाण्यातली सुनामेरी, म्हणजे डॉल्फिनची बिनपराची धाकटी बहीण, दाखवणार आणि आपल्या पूर्वजांच्या गोष्टी सांगणार. पूर्वज म्हणजे समुद्रावरचे लुटारू. नेमुशिमावर ज्याला विचाराल तो त्यांच्याच वंशातला निघतो.

पण बेटाभोवतालचं पाणी सोसायटीचं, आणि सोसायटी म्हणजे चेअरमन कान्जी-सान.

“एक फेरी कर,” ते म्हणाले. “त्या फेरीत आमच्या होडीला तुझी एक जरी कयाक ओढून आणावी लागली, तर हा पोरखेळ बंद. मग तू गुमान मुलीकडे जायचं.”

“आणि नाही लागली तर?”

“लागेल की,” कान्जी-सान मायेने म्हणाले.

ठरल्या दिवशी समुद्र असा होता, जणू कुणी निळं रेशीम धुऊन, झटकून, पसरून ठेवलंय. चार पाहुणे आले. निवृत्त बँक मॅनेजर तामानो, त्यांच्या बाई, आणि वाकाना व रियो नावाच्या दोन हसऱ्या नर्सा. दोन कयाकांत दोघं-दोघं, तिसरीत एकटी चिगुसा. बेत साधा होता. भरतीबरोबर बेटाला वळसा घालायचा, आणि पाणी थबकून उलटं फिरण्याआधी खाडीच्या अरुंद तोंडातून बंदरात शिरायचं. उशीर झाला, की त्या तोंडात पाणी असं उसळतं की भलेभले माघारी फिरतात.

बेत बिघडवला तो समुद्राने नाही. तो बिघडवला उमेनो-आजीने.

पहिल्याच वळणावर आजी गुडघाभर पाण्यात उभी होती. “चिगुसा-चान, पाहुणे एवढे लांबून आलेत, ते रिकाम्या हाताने जायचे होय?” असं म्हणत तिने संत्र्यांची पिशवी तामानोबाईंच्या मांडीत ठेवली.

भेट नाकारणं नेमुशिमावर जमत नाही. घेऊन तसंच पुढे जाणं तर त्याहून जमत नाही. तामानोबाई चांगल्या घरच्या. त्यांनी लगेच ओसाकाहून आणलेली बिस्किटं काढून दोन्ही हातांनी पुढे केली. चिगुसाने डोळे मिटले. आता काय होणार ते तिला ठाऊक होतं.

“अगं बाई, एवढं कशाला,” म्हणत आजी घरात गेली आणि पाच मुळे घेऊन आली. बाईंनी गळ्यातला रुमाल दिला. आजीने लोणच्याची बरणी आणली. वाकानाने मिठाई काढली. त्यावर आजीने जे आणलं, ते जाळीच्या पिशवीत होतं आणि हलत होतं.

“आजी, ऑक्टोपस नको,” चिगुसा म्हणाली.

“तुला कुठे देतेय?”

पुढच्या वळणावर आजीची जाऊ उभी होती. आजीने फोन करून ठेवला होता. त्यापुढे जावेची मैत्रीण. प्रत्येकीला वाटायचं, आपल्या वळणावरून पाहुणे हलके गेले तर गावात तोंड कसं दाखवायचं. दुपार झाली तोवर तिन्ही कयाका सासरी निघालेल्या नवरीच्या गाड्यांसारख्या भरल्या होत्या. कडा पाण्याला टेकत होत्या. तामानोसाहेब मुळ्यांच्या आडून वल्हवत होते, आणि ऑक्टोपसने पिशवीतून एक हात काढून वाकानाच्या वल्ह्याला मिठी घातली होती.

“सोडतच नाहीये हो.”

“त्याला म्हणावं वल्हव मग,” रियो मागून म्हणाली. “माझे हात गेले.”

ते खाडीच्या तोंडाशी पोचले आणि चिगुसाने वल्हं आडवं धरून सगळ्यांना थांबवलं. पाणी फिरलं होतं. समोरून ते धावत, फेसाळत, दात दाखवत येत होतं. या ओझ्यानिशी त्यात शिरायचं म्हणजे उलटायचं. उलटलं की होडी बोलवायची. आणि होडी आली की ओसाका.

“आता काय?” तामानोसाहेबांनी विचारलं.

चिगुसाने एक श्वास घेतला. “आता तेच, जे आपले पूर्वज करायचे,” ती म्हणाली आणि तिने सगळ्यांना एबोशी नावाच्या कातळामागे वळवलं. तिथे पाणी तळ्यासारखं निवांत होतं. “लुटारू इथेच दडून बसायचे. पाणी आपल्या बाजूने वळेपर्यंत वाट बघायची. लढाया त्यांनी वाट बघूनच जिंकल्या.”

“आणि तोवर करायचं काय?”

“जेवायचं.”

म्हणून ते जेवले. मुळा, लोणचं, भाताचे गोळे, संत्री. कयाका हळूहळू वर आल्या. आणि त्या शांततेत पाण्यातून एक राखाडी, गुळगुळीत, पर नसलेली पाठ वर आली, फुस्स करून श्वास सोडून बुडाली. मग दुसरी. मग तिच्या कुशीला लागून एक इवलीशी.

“सुनामेरी,” चिगुसा हळूच म्हणाली. “लेकरू आहे बरोबर.”

तामानोसाहेबांनी टोपी काढली. बाई म्हणाल्या, यांनी माझ्या वडिलांसमोरही काढली नव्हती.

तेवढ्यात कातळापलीकडून इंजिनाचा आवाज आला. तो आवाज खोकला, ठसकला आणि गप्प झाला. चिगुसा वळसा घालून पाहायला गेली. नांगर टाकलेल्या होडीत, गळ्यात दुर्बीण अडकवून, चेअरमन कान्जी-सान बसले होते.

“काय करताय?” तिने विचारलं.

“मासे पकडतोय.”

“गळ कुठाय?”

कान्जी-सान आभाळाकडे बघू लागले. हळूहळू खरं बाहेर आलं. सकाळपासून ते प्रत्येक खडकाआडून पाळत ठेवून होते, कुणी उलटलं की ओढायला. आजीबाईंच्या अंगणांपुढे तासन्‌तास थांबावं लागलं, मग इथे प्रवाहात इंजिन चालू ठेवून तोल सांभाळावा लागला, आणि डिझेल संपलं. दर नव्या वर्षी हेच कान्जी-सान सभेत सांगायचे, टाकी न बघता समुद्रावर जाणारा माणूस मच्छीमारच नव्हे.

“रेडिओवरून बोलवा ना कुणाला.”

“अख्खं बेट ऐकतं रेडिओ,” ते पडल्या आवाजात म्हणाले.

ऊन कललं तसं पाणी पुन्हा फिरलं. आता ते बंदराकडे निघालं होतं, संध्याकाळी घरी परतणाऱ्या गाईच्या चालीने. चिगुसाने आपल्या कयाकचा दोर काढला.

“मी नाही ओढून घेणार,” कान्जी-सान म्हणाले.

“अट काय होती? तुमच्या होडीने माझी कयाक ओढली तर. उलट झालं तर काय, हे आपण बोललोच नव्हतो.”

“गावात सांगशील?”

“मी नाही सांगणार.”

एव्हाना बाकीच्या कयाकाही वळसा घालून आल्या होत्या. तामानोबाईंनी वाकून, दोन्ही हातांनी, कान्जी-सानना दोन संत्री दिली. त्यांनी सवयीने खिसे चाचपले, तर परत द्यायला काही नव्हतं. ते पाहून त्यांचे डोळे भरून आले की काय, कोण जाणे. दोर मात्र त्यांनी निमूट बांधून घेतला.

आणि मग निघाली ती मिरवणूक. पुढे तीन कयाका, मागे चेअरमन. ज्यांनी सकाळी वल्हं उलटं धरलं होतं, ते चौघं आता एका तालात वल्ही मारत होते. वाकानाने जोरात वल्हं मारलं आणि ऑक्टोपस कंटाळून समुद्रात उतरला. खाडीचं तोंड त्यांनी असं पार केलं, जणू जकात वसूल करून लुटारू घरी येताहेत. धक्का दिसण्याआधीच्या वळणावर, खडकाआड, चिगुसाने दोर सोडला. कान्जी-सान काठीने होडी ढकलत दुसऱ्या बाजूने आले. चिगुसाची चारही माणसं धक्क्यावर कोरडी उतरली, आणि त्यांना कुणीही ओढलेलं नव्हतं.

पुढल्या आठवड्यात, दुपारी, बेटावरच्या खांबाखांबावरचे भोंगे खरखरले. कान्जी-सान स्वतः बोलत होते. चिगुसाच्या कयाकांना सोसायटीची कायमची परवानगी आहे. धक्क्यावर संत्री सोलत बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. चिगुसाने तोंड फिरवून डोळे पुसले.

“पाळायच्या अटी अशा,” भोंगा पुढे म्हणाला. जाळ्यांपासून दूर राहावं. जॅकेट घालावं. सुनामेरींच्या जवळ जाऊ नये. सगळं शहाणपणाचं. “अट सातवी. कयाकने सोसायटीच्या कोणत्याही होडीला ओढू नये.”

“कयाक होडीला कशाला ओढेल?” उमेनो-आजीने विचारलं.

सगळ्याजणी चिगुसाकडे वळल्या. चिगुसा समुद्राकडे बघत होती. तिने शब्द दिला होता.

भोंगा अजून चालूच होता. त्यातून कान्जी-सानच्या बायकोचा आवाज स्पष्ट आला, “अहो, सातवी कशाला वाचलीत? आता सगळे विचारतील.”

“विचारू देत. मी डिझेलचं नाव तरी काढलं का?”

“नाही काढलंत,” बायको म्हणाली. “आणि हे लाल बटण कशाचं पेटलंय?”