अभिजित मुहूर्तावर बोटीचा तळ

बोटीच्या तळाला, डाव्या बाजूच्या भेगेत, एक अळंबी उगवली होती. रंग फिकट पिवळा, देठ किंचित उजवीकडे झुकलेला, छत्रीचा व्यास अकरा मिलिमीटर. मी पट्टी लावून मोजला. दुसऱ्या दिवशी तो चौदा झाला. यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, बोट बाहेरून फायबरची असली तरी आतलं लाकूड कुजलेलं होतं. दोन, आमच्या अंगणात बोटीपेक्षा अळंबीची प्रगती जास्त होती!

तरीही मी घाबरले नाही. चौतीस वर्षं मी मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंय. रेझिनमध्ये, म्हणजे फायबर चिकटवायच्या पातळ राळेत, हार्डनर घातलं की ते घट्ट होतं, ही काही दैवी लीला नव्हे. साधी रासायनिक क्रिया आहे.

"तळ आपण घरीच बसवू," मी म्हणाले. "प्रमाण अचूक असलं की चूक होऊच शकत नाही!"

हे वाक्य नंतर मला घरातल्या प्रत्येकाने एकेकदा ऐकवलं. आत्यांनी दोनदा.

आता उज्जैनला, माधव नगरातल्या घराच्या अंगणात, चौदा फुटी बोट आली कशी? तर आमचा मुलगा चिन्मय पुण्याला असतो. तीन वर्षांपासून त्याचं एकच म्हणणं होतं. "हे घर विका आणि इकडे या. माझ्या शेजारचाच फ्लॅट आहे, चौदावा मजला, मस्त हवा!" मुलगा प्रेमानेच म्हणत होता, म्हणून तर पंचाईत. भांडता येईना! नाही म्हणायचं कुणाला धाडस होत नव्हतं आणि हो म्हणायची कुणाला इच्छा होत नव्हती. मग आम्ही तारखा देत गेलो. आधी माझी रिटायरमेंट होऊ दे. मग सुलूआत्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे. (सुलूआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या, वय ब्याऐंशी. याच घरात साठ वर्षं.) मग दुसऱ्या डोळ्याचं होऊ दे. आत्यांना तिसरा डोळा नव्हता, तेव्हा कारणं संपली.

त्याच आठवड्यात माझे यजमान, यज्ञेश्वर, पंख्याचं रेग्युलेटर आणायला गेले आणि बोट घेऊन आले! कुठल्याशा बंद पडलेल्या बोट क्लबच्या लिलावातली. यज्ञेश्वर जलसंसाधन खात्यात होते. जन्मभर त्यांनी पाणी फाइलीत पाहिलं. पोहता त्यांना येत नाही.

"अहो, ही चालवणार कुठे?" मी विचारलं.

"क्षिप्रेत!"

"मे महिन्यात क्षिप्रेत बगळे उभे असतात. त्यांचे गुडघे कोरडे असतात."

"सिंहस्थापर्यंत पाणी येईल ना, देवश्री! तोवर बोट तयार होईल. आणि बोट झाली की मग पुण्याचं ठरवू."

शेवटचं वाक्य ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलले. मी म्हणाले, "बघू." माझं नेहमीचं उत्तर. पुरेसा डेटा नसताना निष्कर्ष काढू नये, असं मी मुलींना शिकवलं होतं. खरं सांगायचं तर डेटा पुरेसा होता. पण तोंड उघडायचं जमत नव्हतं.

तर, तळ. जुना तळ उखडायला मिस्त्री बोलावले. तळाखाली, बोटीच्या लांबीभर, लाकडी दांड्या असतात. त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. बोटीचा कणाच तो. मिस्त्रींनी पहिल्या स्ट्रिंगरमध्ये स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"मैडम, इसमें लकड़ी किधर है? ये तो गाजर का हलवा है!"

तीन दिवस आम्ही हलवा उपसला. नवे स्ट्रिंगर बसवले, त्यांच्यावर फायबरची मॅट आणि रेझिन चढवलं. सकाळी सहाला, सव्वीस अंश तापमानात, दोन टक्के हार्डनर. काम इतकं देखणं झालं की मी त्या प्रमाणाचा तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून नळाशेजारी चिकटवला. मिस्त्री आपलं ग्राइंडर आमच्याकडे ठेवून लग्नाला गावी गेले. फक्त प्लायचा तळ वरून चिकटवायचा राहिला.

आणि चिन्मयचा फोन आला. "रविवारी येतोय. चार वाजता भय्यासाहेबांना घेऊन येईन. घराची रजिस्ट्री काढून ठेवा, त्यांना ओरिजिनल बघायचीय."

भय्यासाहेब म्हणजे गिऱ्हाईक. घराण्यात कुणीतरी दरबारी कारकून होते म्हणून अजून सगळे त्यांना साहेब म्हणतात. त्यांना सिंहस्थाच्या आधी आमच्या घराच्या जागी यात्रेकरूंसाठी लॉज बांधायचं होतं. एकोणतीस खोल्या!

"आणि बाबा, बोटीचं काय?"

"तळ राहिलाय रे फक्त."

"मग रविवारी सकाळी टाका ना! म्हणजे संपलं. बोट झाली की ठरवणार होता ना?"

यज्ञेश्वरांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा स्ट्रिंगरसारखा दिसत होता. जुन्या.

रविवारी सकाळी सहाला मी ब्रश, हातमोजे, वजनकाटा घेऊन तयार! तर सुलूआत्या पायरीवर बसलेल्या.

"मुहूर्त पाहिला का?"

"कशाचा, आत्या?"

"अगं, पायाभरणीच की ही! बिना मुहूर्ताचं कसं करायचं? घराच्या पायात आपण काही ठेवतो की नाही? सुपारी, हळकुंड, चांदीचा नाग? नावेच्या पायात नको? उद्या बुडली तर लोक म्हणतील, घरात म्हातारी होती, तिने नाही सांगितलं!"

मी दोन वाक्यांत विरोध केला. आमच्या घरात विरोधाची मर्यादा तेवढीच आहे. गुरुजींना फोन लागला. त्यांनी अभिजित मुहूर्त दिला. बारा वाजून चार मिनिटं!

मे महिना. उज्जैन. भर दुपार. अंगणात त्रेचाळीस अंश! त्या तापमानाला दोन टक्के हार्डनर म्हणजे चुलीत रॉकेल. म्हणून मी पाऊण टक्क्याचा नवा हिशोब केला आणि कागद घेऊन बाहेर आले, तर बारा वाजून दोन मिनिटं झाली होती आणि यज्ञेश्वर सोवळं नेसून बादली ढवळत होते.

"अहो! हार्डनर किती घातलं?"

"दोन टक्के. तुझा तक्ता होता ना नळाशेजारी! अगदी अचूक हं, वजन करून!"

लग्नाला सदतीस वर्षं झाली. या माणसाने माझं ऐकलं नेमकं त्याच दिवशी!

"लावा! लवकर लावा! घट्ट व्हायला चार मिनिटंसुद्धा नाहीत!"

आम्ही दोघं ब्रश घेऊन स्ट्रिंगरवर तुटून पडलो. बादली गरम झाली. मग तिच्यातून पांढरा धूर निघाला. आत्यांनी डोळे मिटून हात जोडले. "धूप आपोआप! बघ, देवाच्या मनात आहे!"

"आत्या, ती उष्मादायी अभिक्रिया आहे!"

"तेच ते!"

बादलीचा तळ वितळून अंगणात पसरला. "गाठोडं! आत्या, गाठोडं द्या!" यज्ञेश्वर ओरडले. आत्यांच्या मांडीवर गाठोडं होतं, भैरवगढच्या लाल छापाच्या कापडात बांधलेलं. त्यांनी ते दिलं. यज्ञेश्वरांनी ते दोन स्ट्रिंगरच्या मधे कोंबलं, वर उरलेलं रेझिन सांडलं, आम्ही प्लाय धप्पकन टाकला आणि दाब बसावा म्हणून दोघंही त्यावर चढून उभे राहिलो. वीस मिनिटं! रस्त्यावरून जाणाऱ्या एका रिक्षावाल्याने सोवळं, बोट आणि धूर बघून रिक्षा थांबवली आणि नमस्कार करून गेला. उतरताना यज्ञेश्वरांच्या डाव्या पायातली चप्पल बोटीतच राहिली. ती निघाली नाही. निघणार नाही. बाकी तळ मात्र दगडासारखा बसला!

चार वाजता चिन्मय आणि भय्यासाहेब आले. भय्यासाहेबांनी चहा घेतला, अंगण पावलांनी मोजलं, बोट बघून म्हणाले, "भाभीजी, ये रिसेप्शन के सामने रख देंगे. यात फुलझाडं लावू! झकास दिसेल!" मग बैठकीत येऊन बसले. "बरं, कागद दाखवता का?"

आत्यांनी आतून गाठोडं आणून दिलं. भैरवगढचा लाल छाप.

मी ते कापड बघितलं आणि हातातली बशी खाली ठेवली. आत्या घरातली प्रत्येक वस्तू एकाच जुन्या चादरीच्या तुकड्यांत बांधतात. लोणच्याची बरणी, माझं मंगळसूत्र, घराचे कागद, सगळं!

भय्यासाहेबांनी गाठ सोडली. पाच सुपाऱ्या टेबलावर गडगडल्या. मग हळकुंड. मग बोटभर लांबीचा चांदीचा नाग. तो फणा काढून भय्यासाहेबांकडे बघत राहिला.

"भाभीजी," ते सावकाश म्हणाले, "ये रजिस्ट्री है?"

"आजी!" चिन्मय उठलाच. "कागद कुठे आहेत?"

"ते होय? ते नावेत गेले वाटतं." आत्यांनी पदर सारखा केला. "दोन्ही एकसारखीच रे बाबा. म्हातारीला काय दिसतंय! चष्मा नव्हता ना."

"आजी, चष्मा तुमच्या नाकावर आहे! आणि दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन मीच करून दिलंय!"

"हो रे, फार छान केलंस हो," आत्या म्हणाल्या. "आता सगळं स्वच्छ दिसतं."

भय्यासाहेबांनी हात झटकले. "अरे टेन्शन कशाला घेता! रजिस्ट्रार ऑफिसमधून नक्कल मिळते. आठ दिवसांत हातात!"

इथे मी एक निरीक्षण नोंदवते. हे ऐकून घरातले तीन चेहरे पडले. यज्ञेश्वरांचा, आत्यांचा आणि समोरच्या काचेच्या कपाटात दिसला म्हणून सांगते, माझा.

"पण," भय्यासाहेब म्हणाले, "बँक ओरिजिनलच मागेल. नक्कल पे लोन नहीं देती."

तिन्ही चेहरे वर आले.

चिन्मयने ते पाहिलं नाही. तो हुशार मुलगा आहे, त्याला अडचण दिसली की उपाय दिसतो, माणसं नंतर. तो अंगणात गेला, मिस्त्रींचं ग्राइंडर उचललं, वायर ओढून प्लगमध्ये घातली. "किती मोठी गोष्ट आहे! एक चौकोन कापतो, कागद काढतो, परत चिकटवा. बाबा, कुठल्या दोन स्ट्रिंगरच्या मधे?"

"आठवत नाही रे," यज्ञेश्वर म्हणाले. त्यांना आठवत होतं. चप्पल बरोबर त्यावरच होती!

"मग पुढून सुरू करतो. बाबा, मला फक्त एक सांगा. पुण्याला यायचंय ना तुम्हाला?"

"अरे, ते बोट झाली की..."

"बोट झालीय, बाबा!"

यज्ञेश्वरांनी उत्तर शोधायला आकाशाकडे पाहिलं. सोवळ्यातला, एका चप्पलेतला, साठीपार माणूस. मला एकदम त्यांची दया आली, आणि स्वतःचा रागही. तीन वर्षं मी त्यांना एकट्याला सबबी शोधायला लावल्या होत्या. बोटसुद्धा त्यांनाच आणावी लागली. मी नुसती प्रमाणं काढत बसले.

"आई, तू तरी बोल! तुझं काय?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्याने बटण दाबलं.

ग्राइंडरचा आवाज साधारण शंभर डेसिबल असतो. माझा, मागच्या बाकावरच्या मुलींच्या तक्रारीनुसार, चाळीस.

"चिन्मय, थांब," मी म्हणाले. ग्राइंडर प्लायला टेकलं. लाकडाचा भुसा उडाला.

"अरे, मला काहीतरी सांगायचंय." आत्यांनी कानाला हात लावून मला खूण केली, मोठ्याने! भय्यासाहेब रुमालाने दुसऱ्या चहाचा कप झाकून बोटीत डोकावत होते.

"चिन्मय! विकायचं नाहीये!"

"काय?" त्याने ओठ हलवले, पण हात थांबवला नाही. पहिली रेघ चार इंच लांब झाली. माझा तळ! माझा दगडासारखा, अचूक तळ! मी पदर खोचला, बोटीच्या काठावर पाय ठेवून चढले, छाती भरून श्वास घेतला आणि जन्मात कधी काढला नव्हता असा आवाज काढला. नेमकी त्याच क्षणी सबंध माधव नगरची लाइट गेली. ग्राइंडर थांबलं, समोरच्यांचा कूलर थांबला, पलीकडच्यांचा टीव्ही थांबला आणि त्या ठार शांततेत आजूबाजूच्या तिन्ही गल्ल्यांना ऐकू गेलं,

"मला पुण्याला यायचं नाहीये! हे घर विकायचं नाही!"