पाणी चाखणारे नाना

आमचे शेजारी धर्मानाना कुठलंही पाणी दिसलं की त्यात बोट बुडवून चाखतात. नळाचं, छपरावरून गळणारं, लग्नाच्या मांडवातल्या पिंपातलं. जन्म मिठागरात गेला; तिथे पाण्याची चव पाहून पुढचं काम ठरतं. माझे यजमान गेले तेव्हा घरात पिण्याचं पाणी नानांनीच आणून ठेवलं. तेही चाखून. "गोडं हाय, बाई," एवढंच म्हणाले. मी शाळेत शिकवायची, म्हणून त्यांची 'बाई'. बाकीचे लोक तेव्हा बरंच काही बोलले होते. ते आता आठवत नाही.

नाना एकटे राहतात. मुलगी संगीता पनवेलला. गेल्या उन्हाळ्यात ती बाळाला घेऊन आली आणि त्याच संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. बाळाच्या अंगभर घामोळं उठलं होतं. यंदा ती पुन्हा येणार म्हटल्यावर नानांनी एसी बांधायला घेतला.

"एसी विकत आणतात, नाना."

"आनतील. मी बांधतो."

मासळीचं थर्माकोलचं खोकं, त्यात बर्फ, पाणी आणि मीठ. "मीठ टाकलं का बर्फाला जोर येतो." कूलरचा लहान पंप ते पाणी तांब्याच्या नळीतून फिरवायचा, आणि नळीची वेटोळी टेबलफॅनच्या तोंडाशी बांधलेली. रोज दुपारी मला हाक. "बाई, हात धरा. काश्मीर हाय का न्हाय?"

काश्मीर नव्हतं. माथेरान मात्र होतं.

संगीता आली. गार वाऱ्यात बाळ झोपलं. नाना दारातून हलेनात. तेवढ्यात नळीवरून थेंब गळू लागले आणि पंख्यानं ते थेट उशीवर उडवले. चादर भिजली, बाळ रडत उठलं.

"बाबा, तुमचा एसी मुतला!" संगीता पिशवी भरायला लागली. "राहू द्या. पाचच्या गाडीनं जाते मी."

नळी फुटली असेल तर आता काही करता येणार नव्हतं. नानांनी उशीवरचा थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला.

"गोडं हाय!" ते ओरडले. "नळी फुटली न्हाय, पोरी! खाऱ्या वाऱ्यातलं गोडं पानी हाय ह्ये!"

खाडीवरची दमट हवा गार नळीला लागून पाझरत होती, एवढंच. आणि पाण्याला वाट काढून देणं हे तर नानांचं जन्माचं काम. पत्र्याचा तुकडा मुडपून त्यांनी नळीखाली बांधला, एका बाजूला उतार दिला, खिडकीबाहेर बादली ठेवली. पंखा एकवर केला.

बाळ पुन्हा झोपलं. त्याला थोपटता थोपटता संगीताचाही डोळा लागला.

आम्ही दोघं ओट्यावर बसलो. बादलीत टपटप चालू होती. वळणावर पाचच्या एसटीनं हॉर्न दिला. नाना दाराकडे पाहत राहिले. गाडी थांबली, निघाली, तिचा आवाज दूर गेला. आतून कुणी उठलं नाही.

नानांनी डोळ्याखालचं पाणी बोटानं टिपलं, आणि न चाखताच पंच्याला पुसलं.