राणीसाहेबांचं दुखणं

सकाळी उठल्याउठल्या आमचे हे 'राणीसाहेब, उठला का?' म्हणतात, ते मला नव्हे. राणी म्हणजे हेजहॉग, मुठीएवढा काटेरी परदेशी प्राणी. लेकीने पुण्यात हौसेने पाळली आणि बंगळूरला नोकरी लागल्यावर श्रीरामपुरात आणून आमच्या गळ्यात मारली.

ह्यांचं टायरचं दुकान. घरात कुणाचं काहीही दुखलं तरी ह्यांचं एकच वाक्य, "हवा कमी झाली आसंल, व्हईल ठीक." माझा गुडघा सुजला तेव्हाही हेच. पण राणीच्या तोंडातून लाळ गळायला लागली, तर भरदुपारी दुकानाचं शटर ओढून हे घरी!

हिरडीवर गाठ होती. गुरांच्या डॉक्टरांना वाटलं, दात किडला असेल. औषध दिलं, तरी गाठ वाढतच गेली.

"पुण्याला न्यायची," हे म्हणाले.

"मला नाही नेलं ते गुडघ्यासाठी!"

"तू निदान सांगतीस तरी, कुठं दुखतंय ते. ही बिचारी नुसती अंग गुंडाळून बसती."

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी भूल दिली, तेव्हा कुठे राणी उलगडली. जबड्याचा एक्स-रे काढला, गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. मग हे रोज सिरिंजने पातळ खाणं भरवायचे, "खा गं माझी बाई" म्हणत. मला आजवर 'अगं'च्या पुढे काही मिळालेलं नाही. मी पलीकडे गुडघ्याला तेल चोळत नुसती जळायचे.

गाठ पुन्हा आली. आम्ही दोघं पुन्हा पुण्याला गेलो. आता हाडात उतरली होती. "अर्धा जबडा काढून बघता येईल, पण फार हाल होतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर दुखू नये एवढं बघू."

हे माझ्याकडे वळले. "तुला काय वाटतंय?"

असं कधी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "घरी नेऊ या."

एसटीत हे राणीचा खोका मांडीवर घेऊन बसले. नगर मागे पडल्यावर बोलले, "दुकान बंद करून येतो तवा तू भजनाला गेलेली आसतीस. लेकीच्या खोलीत हीच तेवढी खुडबुडती. न्हाईतर घरात आवाजच न्हाई गं."

आणि भरल्या गाडीत ह्यांनी माझा हात धरला. मी दोघांच्या हातांवरून पदर ओढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.