तुळाजी गव्याची कमजोरी

एका जंगलात, बाळांनो, सगळं उघड्यावर चालायचं. (बाळांनो म्हटलं म्हणून रागावू नका. तुमच्या कानांवरचे पांढरे केस मला दिसतायत. पण हा विषय निघाला की तुम्ही अजून पदराआड तोंड लपवता, म्हणून बाळांनो.)

भांडणं उघड्यावर, लग्नं उघड्यावर, शिकारसुद्धा उघड्यावर. फक्त एक गोष्ट तिथे कोणी करत नसे. म्हणजे बहुतेक सगळे प्रौढ प्राणी करत, पण कोणीच करत नसे. एकटं असताना आपल्या देहाला आपणच सुख द्यायचं, ती गोष्ट. तिला शब्द होता, पण तो शिवी देण्यापुरता राखून ठेवलेला.

या जंगलात तुळाजी नावाचा गवा राहायचा. लग्नाचं वय कधीच येऊन गेलेलं. अंगानं डोंगर. वाटेत आडवं पडलेलं झाड शिंगानं सहज बाजूला सारायचा. एकटा राहायचा आणि एकटे प्राणी अधूनमधून जे करतात ते करायचा. मग गाढ झोपायचा. नुकतीच नदीपलीकडच्या कळपातल्या भिवराशी त्याची सोयरीक ठरली होती. दोघंही खुशीत होते.

एके दिवशी तुळाजीला सागाच्या बुंध्यावर चुन्यानं रंगवलेली जाहिरात दिसली. ‘तारुण्यातल्या चुका? जेवल्यावर झोप येते? चढावर दम लागतो? नावं आठवत नाहीत? निराश होऊ नका! खानदानी वैद्य खोकडशास्त्री. गुप्ततेची हमी.’

तुळाजीला जेवल्यावर झोप यायची. चढावर दम लागायचा. आतेभावांची नावं तर कधीच आठवायची नाहीत.

अंग चोरत तो खोकडशास्त्र्याच्या बिळाशी गेला. गव्यानं अंग चोरणं सोपं नसतं, पण लाज काय वाटेल ते करवते.

“सवय आहे?” खोकडानं विचारलं.

“कसली?”

“तीच.”

तुळाजीनं मान खाली घातली.

“रक्ताचे शंभर थेंब आटतात तेव्हा त्याचा एक थेंब होतो, ठाऊक आहे?”

तुळाजीनं मनातल्या मनात हिशेब मांडला. “मग शास्त्रीबुवा, मी अजून उभा कसा?”

“तेच तर! वरून डोंगर, आतून वाळवी. लग्न केलंत तर त्या पोरीचं आयुष्य मातीत घालाल.”

त्यानं काळ्या गोळ्या दिल्या. मधातून घ्यायच्या, कोणाला सांगायचं नाही.

तुळाजीनं बगळ्याकरवी भिवराला निरोप धाडला. ‘मी लायक नाही. दुसरं स्थळ बघा.’ आणि तो निमूट गोळ्या खाऊ लागला. थोड्याच दिवसांत त्याची भूक गेली. पाय सुजले. तोंड सुजलं. चढ सोडा, उतारावरही दम लागू लागला.

खोकडशास्त्र्यानं गुप्तता पाळली. त्यानं फक्त कावळ्याला सांगितलं.

“बघा, सवयीचं फळ!” वानरांचा म्होरक्या म्हणाला. दर हंगामाला डझनभर पिल्लं जन्माला घालणाऱ्या सशानं तुळाजीला संयमावर प्रवचन दिलं. तुळाजी ऐकत राहिला. आपलं हे असंच व्हायला हवं होतं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

निरोपानं भिवराचं समाधान झालं नाही. ती नदी ओलांडून स्वतः आली.

“मी काय केलं ते तरी सांगा,” ती म्हणाली.

“तुम्ही काही नाही. मीच...” आणि तुळाजीनं रडत रडत सगळं सांगितलं.

भिवरा म्हणाली, “एवढंच? मग मी कधीच मरायला हवं होतं.”

झुडपामागे कान लावून बसलेली सायाळ तिथेच मूर्च्छित पडली.

भिवरानं त्याला ढकलत ढकलत डॉक्टर मंदाकिनीबाईंकडे नेलं. त्या हत्तीण. त्यांनी तपासलं, गोळी हुंगली आणि सोंड झटकली.

“यात शिसं आहे. तुमच्या मूत्रपिंडांची निम्मी ताकद गेली, ती परत यायची नाही. उरलेली सांभाळू.”

“आणि ती सवय?”

“तिनं काही बिघडत नाही. तिच्यापायी खाणंपिणं, कामधाम, गणगोत सुटायला लागलं, तर या, बोलू. पण शंका आली तेव्हाच माझ्याकडे का नाही आलात?”

“तुमचा दवाखाना भर चौकात,” तुळाजी पुटपुटला. “कोण बघेल, काय म्हणेल...”

भिवरानं जंगलाची सभा बोलवायला लावली. वाघ अध्यक्षस्थानी बसला. ती उभी राहून म्हणाली, “खोकडाच्या गोळ्यांपायी माझा होणारा नवरा मरायला टेकला होता. ज्यांनी ज्यांनी त्या घेतल्यात त्यांनी पुढचा पाय वर करावा. आपण सगळे मिळून त्याला हाकलू.”

एकही पाय वर झाला नाही. वानरांच्या म्होरक्याचे पाय सुजलेले होते, त्यानं ते शेपटीखाली घेतले. ससा वरच्या ढगाकडे बघू लागला. वाघानं आपलं सुजलेलं तोंड पंजानं झाकलं आणि तो खाकरला.

“असले विषय सभेत काढायचे नसतात. बायकांनी तर नाहीच नाही.”

“मग कुठे काढायचे?” भिवरानं विचारलं.

सभा बरखास्त झाली.

भिवरा आणि तुळाजीचं लग्न झालं. नवरीनं असं काही तोंडातून काढलं म्हणून फारसं कोणी आलं नाही. मंदाकिनीबाई आल्या, जेवल्या आणि नवरदेवाच्या ताटातलं मीठ काढून घेऊन गेल्या. तुळाजी आता पडलेलं झाड बाजूला सारत नाही. वळसा घालून जातो. भिवरा त्याच्या चालीनं चालते.

खोकडशास्त्र्याला त्याच वर्षी तरुण पिढीला वाममार्गापासून वाचवल्याबद्दल ‘वनभूषण’ पदवी मिळाली. ती वाघाच्या हस्ते दिली गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला, जमेल त्यांनी उभं राहून मानवंदना दिली.

तात्पर्य : आपल्या शरीराबद्दल डॉक्टरांशी चार शब्द बोलण्यापेक्षा गुपचूप शिसं खाणं केव्हाही श्रेयस्कर. मूत्रपिंडं जातात, पण ती आत असतात, कोणाला दिसत नाहीत.