तोंड फिरवा

आमच्या टीव्हीवर कोणी रडायला लागलं, की समोरच्या दारातले शिर्केकाका खुर्चीतून उठतात, खांद्यावरचा पंचा काढतात आणि सरळ टीव्हीवर टाकतात. वर आम्हालाच दम देतात, "तोंड फिरवा! माणूस रडतंय तिथे!"

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी अवाक् झाले. टीव्ही आमचा, सोफा आमचा, चहा आमचा, आणि पडदा टाकणार हे! सासूबाई म्हणाल्या, "याला वेड लागलंय." काकांनी दोन मिनिटं थांबून पंच्याचं टोक जरासं वर केलं, ढोकळा झाला का म्हणून झाकण उचलून बघावं तसं, आणि आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत जाहीर केलं, "झालं तिचं रडून. चालो, बघा आता."

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. मुलगा संजय कॅनडात. त्याने घेऊन दिलेला भलाथोरला टीव्ही घरात आहे, पण संध्याकाळी आठच्या ठोक्याला काका आमच्याकडे हजर. "एकट्याने बघायला मजा नथी आवती," म्हणतात. आणि जे बघायला येतात त्यावरच पंचा टाकतात!

गाण्याच्या स्पर्धेतला एक परीक्षक दर भागात रडतो. त्याच्यामुळे आम्ही अर्धी स्पर्धा नुसती ऐकली. "याला घरी कोणी विचारत नाही का रे?" काका हळहळतात. एकदा तर स्वयंपाकाच्या कार्यक्रमात एक बाई डोळे पुसायला लागली आणि काका उठले.

"अहो काका, कांदा चिरतेय ती!" मी ओरडले.

"कांद्याच्या नावाखाली बायका काय काय रडून घेतात, तुला नाही ठाऊक," ते म्हणाले, आणि पडलाच पंचा.

आमच्या घरचा लाडका कार्यक्रम म्हणजे बारा जणांना एका घरात कोंडून भांडायला लावतात तो. मी शाळेत शिकवते. दिवसभर पोरांना "भांडू नका" म्हणून ओरडते आणि घरी येऊन ती भांडणं चवीने बघते. खोटं कशाला बोलू? नुसती शिवीगाळ झाली तर सासूबाई आणि मी म्हणतो, आज काही झालंच नाही बाई. निदान एखादी बशी तरी फुटायला हवी.

गेल्या मंगळवारी त्यात स्नेहा नावाच्या मुलीला बागेत बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि कॅमेऱ्यासमोर सांगितलं, की तुझे वडील गेले. मागे संगीत. अख्ख्या पडद्यावर तिचा चेहरा. अजून तिला नीट कळलंही नव्हतं.

"आवाज वाढवा, आवाज वाढवा!" मी म्हणाले.

"रड बाई पटकन," सासूबाई म्हणाल्या. "पुढे भांडण दाखवणार आहेत."

काका उठले. पंचा पडला. आणि माझं डोकंच फिरलं. मी ताडकन उठले, पंचा ओढून काढला. "बस करा ना काका! ती आपल्या राजीखुशीने गेलीय तिथे. तिला चालतंय, सगळ्या जगाला चालतंय, तुम्हालाच काय त्रास होतो?"

मला वाटलं, आता चिडतील. ते खाली बसले.

"तुझी काकू गेली त्या दिवशी तुझ्या हातात मोबाइल होता," ते म्हणाले. "आठवतं?"

न आठवायला काय झालं? संजयला विमानाचं तिकीट मिळत नव्हतं. "वहिनी, सगळ्याचा व्हिडिओ काढून पाठवा," असं तो फोनवर रडत सांगत होता. मी सगळं काढलं.

"मी तिच्या उशाशी रडत होतो. तू म्हणालीस, काका, जरा इकडे बघा."

मी म्हणाले होते. अगदी ह्याच शब्दांत म्हणाले होते.

"संजयसाठी हो काका..."

"त्याला पाठवायलाच हवं होतं. त्यात तुझं काही चुकलं नाही. पण ते तिकडे सावली गावात माझ्या बहिणीपर्यंत गेलं. ती म्हणाली, भाऊ, किती रडलास रे! तेराव्याला आलेले लोक माझ्याकडे बघायचे, मग मोबाइलमध्ये बघायचे."

ते सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकलं होतं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती, आणि देवाशप्पथ सांगते, ती बघून मला बरं वाटलं होतं! तीन वर्षं हा माणूस रोज माझ्या हातचा चहा पितोय आणि एका शब्दाने बोलला नाही. लाज वाटली हो मला स्वतःची.

"तेव्हापासून घरात एकटा असलो तरी रडायला येत नाही बघ," काका म्हणाले. "वाटतं, कोणीतरी बघतंय."

त्यांची हनुवटी थरथरायला लागली. मी टक लावून बघत होते. तेवढ्यात टीव्हीवर जाहिरात सुरू झाली, कुठल्याशा चहाची, आणि मी भानावर आले. टीव्ही बंद केला.

"आई, तोंड फिरवा," मी म्हणाले.

सासूबाई एरवी कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. त्या मुकाट्याने सोफ्यावर भिंतीकडे वळून बसल्या. मीही त्यांच्या शेजारी तशीच बसले. पाठीमागे खुर्ची करकरली. मग एक हुंदका आला, मग दुसरा, आणि मग काका मोठमोठ्याने रडायला लागले.

पंचा अजून माझ्याच मुठीत होता. मी मान न वळवता हात मागे केला आणि तो धरून राहिले. थोड्या वेळाने माझ्या हातातून कोणीतरी तो अलगद काढून घेतला.